अमेरिकेत मोठ्यांना इंग्रजी शिकवताय? मग शाळेचा फोन, डॉक्टर आणि घरातलं पोर इथून सुरुवात करा

अमेरिकेत राहणारे आपले बरेच लोक लायब्ररीत नाहीतर चर्चच्या बेसमेंटमध्ये मोठ्यांना इंग्रजी शिकवायला व्हॉलंटियर म्हणून जातात, आणि मंडळातही कुणीतरी म्हणतंच की आईवडील येतात, नवीन लग्न होऊन आलेल्या मुली आहेत, त्यांच्यासाठी काहीतरी सुरू करूया. मग कुणीतरी एक पुस्तक आणतं, त्यात कुटुंबाचा धडा असतो, आणि त्या धड्यात काय तर हा माझा भाऊ, ही माझी आत्या, आमच्या घरात पाच माणसं. समोर बसलेल्या बाईच्या फोनवर त्याच वेळी शाळेचा मिस्ड कॉल आलेला असतो आणि परत कसा फोन करायचा या विचाराने तिच्या पोटात गोळा आलेला असतो. म्हणून मला मनापासून वाटतं की पालकांच्या वर्गात इंग्रजीची सुरुवात मुलांपासूनच करावी, आणि ती नेमकी कशी करायची ते इथे लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तुम्ही त्यांना आईबाप व्हायला शिकवत नाही आहात. दोनतीन पोरं वाढवलेली ग्वातेमालाची बाई, किंवा नातवासाठी सहा महिने आलेल्या साताऱ्याच्या आजी, यांना मूल कसं सांभाळायचं ते येतं. त्यांना येत नाही ते एवढंच की इथली शाळा, इथला डॉक्टर, इथला कायदा त्यांच्याकडून काय अपेक्षा करतो आणि त्यांच्याशी कोणत्या वाक्यांत बोलायचं. तुम्ही हे शिकवलंत तर लोक टिकतात. तुम्ही मुलं कशी वाढवावीत यावर प्रवचन सुरू केलंत तर दुसऱ्या आठवड्याला निम्मा वर्ग गायब होतो, आणि त्यांचं काही चुकत नाही.

पहिल्या दिवशी "तुम्हाला काय शिकायचंय" असं विचारू नका, त्याला सगळे "स्पीकिंग" एवढंच उत्तर देतात. त्याऐवजी सांगा की पुढच्या वेळी येताना मुलाच्या दप्तरातून आलेले कागद घेऊन या. फ्रीजवर लावलेला शाळेचा कॅलेंडर, फील्ड ट्रिपची परमिशन स्लिप, जेवणाच्या सवलतीचा फॉर्म, लसींचं कार्ड, डेकेअरचं लेट फीचं पत्रक, आणि फोनवर आलेले शाळेच्या अ‍ॅपचे मेसेज. सगळं टेबलावर पसरा आणि वर्गालाच तीन गठ्ठे करायला लावा: सही करून परत द्यायचं, फक्त वाचायचं, आणि पैसे किंवा तारीख असलेलं. वाचता न येणारी बाईसुद्धा तारीख, डॉलरचं चिन्ह आणि सहीची रेघ ओळखते, त्यामुळे पहिल्याच दिवशी तिच्याही हाताला काम मिळतं. तुमचे पुढचे दोन महिन्यांचे धडे याच गठ्ठ्यांतून निघतात, वेगळं पुस्तक लागत नाही. फक्त झेरॉक्स काढताना नावं, पत्ते, जन्मतारखा झाका, आणि कुणाचं व्हिसाचं काय, कागद आहेत की नाहीत, हे कधीही विचारू नका. वर्गात कुणी घाबरलेलं असेल तर एवढं सांगून ठेवा की १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की इमिग्रेशनच्या कारणाने कुठल्याही मुलाला सरकारी शाळेतून बाहेर ठेवता येत नाही. शाळा राहण्याचा पुरावा, वय आणि लसी विचारेल, ते वेगळं.

पहिला खरा धडा मी नेहमी मूल आजारी असल्याचा फोन हाच घेते, कारण तो प्रत्येकाला लागतो, तो लहान आहे आणि त्यात यश लगेच दिसतं. शाळेची अटेंडन्स लाइन, म्हणजे मूल येणार नाही हे कळवायचा नंबर, बहुतेक वेळा मशीनवर जाते, त्यामुळे मेसेज ठेवायला शिकवायचं. क्रम ठरलेला: मी कोण, मुलाचं पूर्ण नाव, आडनावाचं स्पेलिंग, इयत्ता, शिक्षिकेचं नाव, काय झालंय, उद्या येणार की नाही. "धिस इज आरव पाटील्स मदर. ही इज इन सेकंड ग्रेड. ही हॅज अ फीव्हर. ही वोन्ट बी इन स्कूल टुडे." चार वाक्यं. पण खरी गंमत स्पेलिंगमध्ये अडते. आपल्या लोकांचं व्ही आणि डब्ल्यू फोनवर एकसारखंच ऐकू येतं, स्पॅनिश बोलणाऱ्यांचं बी आणि व्ही, म्हणून प्रत्येकाकडून स्वतःच्या आडनावाचं स्पेलिंग "व्ही अ‍ॅज इन व्हिक्टर" अशा पद्धतीने घोटून घ्या, वाहनाच्या नंबरप्लेटसारखं झोपेत विचारलं तरी आलं पाहिजे. आणि सराव समोरासमोर बसवून करू नका. दोघींना पाठीला पाठ लावून बसवा म्हणजे चेहरा, हात, खुणा काही दिसत नाहीत, फोनवर असतं तसं. शेवटी त्यांच्याच फोनमध्ये मेसेज रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवा. बाई स्वतःचा आवाज ऐकते, म्हणते हे तर मला कळतंय, आणि मग दोनतीनदा स्वतःहून परत करते.

त्याच्यानंतर पॅरेंट-टीचर कॉन्फरन्स. इथे वेळ फार कमी असतो, बरेचदा पंधरा-वीस मिनिटं, आणि शिक्षिका पहिली पाच मिनिटं कौतुक करते. आपल्याकडच्या पालकांना सवय सरळ ऐकायची, मार्क किती आणि नंबर कितवा, त्यामुळे "शी इज अ स्वीट गर्ल, वी आर वर्किंग ऑन स्टेइंग फोकस्ड" असं ऐकून ते खुश होऊन घरी येतात, आणि शिक्षिकेने सांगितलेलं असतं की मुलगी वर्गात लक्ष देत नाही. हे शिकवायलाच लागतं, कारण इथली शिक्षिका वाईट बातमी मऊ करून देते. वर्गात अशी सातआठ वाक्यं फळ्यावर लिहा आणि विचारा की यात काळजीचं काय आहे. मग उलटे प्रश्न शिकवा, कारण कॉन्फरन्समध्ये प्रश्न विचारणाऱ्या पालकाला वेगळी वागणूक मिळते हे मी पाहिलंय. "इज माय चाइल्ड अ‍ॅट ग्रेड लेव्हल इन रीडिंग?" हा एक प्रश्न बाकी सगळ्यावर भारी आहे. त्याच्या जोडीला "कॅन यू शो मी?" म्हणजे ती वही काढून दाखवते, आणि "व्हॉट कॅन आय डू अ‍ॅट होम?" तीन प्रश्न एका कार्डावर लिहून पर्समध्ये ठेवायला लावा. कार्ड बघून वाचलं तरी चालतं, कुणी हसत नाही.

आता दुभाष्याचा मुद्दा, आणि यावर मी अजिबात तडजोड करत नाही. मुलाला दुभाष्या बनवायचं नाही. शाळेत नाही, दवाखान्यात तर नाहीच. नऊ वर्षांच्या पोराने शिक्षिकेने केलेल्या स्वतःबद्दलच्या तक्रारीचं भाषांतर आईला करून सांगायचं, किंवा आईच्या पोटात गाठ आहे हे डॉक्टरांकडून ऐकून तिला सांगायचं, हे त्या पोरावर ओझं आहे आणि बाप घरात पोरावर अवलंबून राहायला लागला की घरातला धाकही उलटा होतो. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना इंग्रजी न येणाऱ्या पालकांना समजेल अशी माहिती द्यावी लागते, त्याचा पाया १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या टायटल सिक्समध्ये, म्हणजे सहाव्या भागात आहे, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या केसमध्ये, म्हणजे लाऊ विरुद्ध निकल्स, १९७४, सुप्रीम कोर्टाने याच कायद्यावर बोट ठेवून मुलांच्या बाजूने निकाल दिला. दवाखान्यांसाठी २०१० च्या आरोग्य कायद्याखालच्या नियमांत तर स्पष्ट आहे की अगदी जिवावरची इमर्जन्सी सोडली तर लहान मुलाला दुभाष्या म्हणून वापरायचं नाही. वर्गात एवढा कायदा सांगत बसू नका, पण एक वाक्य सगळ्यांच्या तोंडात बसवा: "आय नीड अ‍ॅन इंटरप्रिटर, प्लीज. मराठी." स्पेलिंगसकट, कारण समोरच्याला मराठी हे नाव माहीत नसतं आणि तो हिंदीवर बोट ठेवतो. फोनवरचे मराठी दुभाषे मिळतात, थोडं थांबावं लागतं एवढंच.

डॉक्टरच्या धड्याला घाई करू नका, इथे दोनतीन क्लास गेले तरी हरकत नाही. खऱ्या वस्तू आणा: रिकामी औषधाची बाटली, तोंडातून औषध द्यायची सिरिंज, घरातला चमचा, थर्मामीटर. घरातल्या चमच्यात पाणी भरून सिरिंजने मोजायला लावा, प्रत्येकीच्या चमच्यात वेगळं माप येतं आणि मग एमएलमध्येच मोजायचं हे तुम्हाला सांगावं लागत नाही. टीस्पून म्हणजे ५ एमएल, टेबलस्पून म्हणजे १५, दोघांची अक्षरं जवळजवळ सारखी, चूक झाली तर डोस तिप्पट. टायलेनॉलच्या, म्हणजे इथल्या पॅरासिटामॉलच्या, बाटलीवर १६० मिलिग्राम दर ५ एमएल असं लिहिलेलं असतं, २०११ पासून तान्ह्यांच्या आणि मुलांच्या लिक्विडमध्ये हेच प्रमाण ठेवायला कंपन्यांनी सुरुवात केली, पण घरात भारतातून आणलेलं सिरप असेल तर त्याचं प्रमाण वेगळं असू शकतं, म्हणून लेबल वाचणं हाच धडा. डोस वजनावर ठरतो आणि वजन इथे पाउंडात, तेव्हा १ किलो म्हणजे साधारण २.२ पाउंड हे गणित करून घ्या. तापाचंही तसंच, १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस, आणि बाळ ३ महिन्यांच्या आतलं असेल तर या आकड्याला सकाळची वाट न बघता डॉक्टरला फोन करायचा. पॉयझन कंट्रोलचा, म्हणजे विषबाधेच्या मदतीचा, नंबर १-८००-२२२-१२२२ सगळ्यांच्या फोनमध्ये तिथेच सेव्ह करायला लावा, तो २४ तास चालतो, फुकट आहे, आणि तिथेही दुभाष्या मागता येतो. मूल बेशुद्ध असेल, श्वास घेत नसेल तर मात्र सरळ ९११, आणि ९११ ला पहिलं वाक्य पत्त्याचं, कारण फोन कट झाला तरी गाडी पोचते. पत्ता म्हणायचा सराव करा, आकडे एकेक करून.

याच धड्यात आपल्या आजींचा विषय येतो. बाळंतपणासाठी आलेल्या आजी आणि इथला पिडिअ‍ॅट्रिशियन यांची गाठ पडली की सून मध्ये सापडते. डॉक्टर सांगतात बाळ पाठीवरच झोपवा, गादी घट्ट आणि सपाट, पाळण्यात उशी, दुपटं, खेळणं काही नको. आजी म्हणतात आम्ही कुशीवर झोपवून, दुपट्यात गुंडाळूनच वाढवली सगळी. इथे आजींना अडाणी ठरवायचं नाही. कारण सांगायचं: १९९४ मध्ये अमेरिकेत बाळ पाठीवर झोपवायची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. आकडा ऐकला की आजी ऐकतात, मी बघितलंय, फक्त सुनेच्या तोंडून नाही तर वर्गात बाकी आज्यांच्या बरोबरीने ऐकला तर. गुटी मधात उगाळून द्यायची पद्धत असेल तर सांगा की १ वर्षाच्या आत मध नको, बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. काजळाचं तर जास्तच जपून सांगावं लागतं, कारण ते प्रेमाने आणि दृष्ट लागू नये म्हणून लावलेलं असतं. बाजारात मिळणाऱ्या काही काजळ-सुरम्यांत शिसं सापडलंय, इथे ते विकायला परवानगी नाही, आणि बाळाच्या रक्तात शिसं जास्त निघालं तर आरोग्य खात्याचा माणूस घरी येऊन प्रत्येक वस्तू विचारतो. कानामागे, तळपायाला तीट लावायची असेल तर शिसं नसलेली लावा, बाळाचा हात तोंडात जाणारच हे लक्षात ठेवून. आणि त्याच वेळी आजींना ज्या गोष्टी बरोबर येतात त्या इंग्रजीत सांगायला लावा. मालिश कशी करायची, रडणाऱ्या बाळाला खांद्यावर कसं घ्यायचं, हे बाहुली हातात देऊन: "होल्ड द हेड. रब जेंटली. नॉट टू हॉट." आज्ञार्थी क्रियापदं शिकवायला याच्याइतका चांगला धडा मला सापडलेला नाही, आणि वर्गातल्या पंचविशीच्या आया वह्या काढून लिहून घेतात.

मारण्याबद्दल बोलायचं की नाही यावर व्हॉलंटियर बिचकतात. बोला, पण शांतपणे आणि माहिती म्हणून, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, विश्वास बसल्यावर. आईबापाने मुलाला चापट मारण्यावर इथे सरसकट बंदी नाही, पण वळ उठला, जखम दिसली की शिक्षक आणि डॉक्टर यांना कायद्याने कळवावंच लागतं, त्यांना पुरावा लागत नाही, संशय पुरतो. मूल घरी किंवा गाडीत एकटं ठेवण्याचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत, मेरीलँडमध्ये ८ वर्षांखालच्या मुलाजवळ निदान १३ वर्षांचं जबाबदार माणूस लागतं, बऱ्याच राज्यांत कायद्यात वयच नाही, तेव्हा आपल्या राज्याचा नियम बघूनच वर्गात जा. तुम्ही स्वतः तुमच्या राज्यात कळवायला बांधील आहात का तेही संस्थेला आधी विचारा, आणि असाल तर वर्गाला आधीच सांगा, कुणी बोलून बसल्यावर नाही. बाल संरक्षण खात्याचं माणूस दारात आलं तर "कॅन आय सी युवर आयडी?" आणि "आय नीड अ‍ॅन इंटरप्रिटर", आणि न कळलेल्या कागदावर सही नाही, एवढं शिकवून ठेवा. घरात बाईलाच मार बसत असेल तर ती वर्गात बोलणार नाही, त्यासाठी १-८००-७९९-७२३३ या हेल्पलाइनच्या चिठ्ठ्या लेडीज टॉयलेटमध्ये ठेवा, कुणी घेतली ते कुणाला दिसत नाही.

मग प्रश्न येतोच की मारायचं नाही तर काय करायचं, आणि इथे भाषेला खूप खाद्य आहे. "डोन्ट रन"च्या ऐवजी "वॉक, प्लीज". "फर्स्ट होमवर्क, देन टीव्ही". "द रेड शर्ट ऑर द ब्लू शर्ट?" लहान वाक्यं आहेत, शिकणाऱ्याला पेलतात, आणि घरी गेल्यावर त्याच संध्याकाळी वापरून बघता येतात. पुढच्या वेळी विचारा कुणाच्या घरी काय झालं. ही पद्धत सगळ्यांनी स्वीकारायलाच हवी असं नाही, कुणी म्हणेल आमच्यात असं नसतं, तर त्यांच्यात कसं असतं ते सांगू द्या, वर्गातली सर्वांत लांब आणि चांगली इंग्रजी वाक्यं अशाच वादात निघतात.

वाचनाचं सांगताना एक गैरसमज आधी मोडा. घरी मुलाशी इंग्रजीतच बोला, नाहीतर ते मागे पडेल, असं पालकांना कुणीतरी सांगितलेलं असतं. दोन भाषा ऐकल्याने बोलायला उशीर लागत नाही, आणि ज्या भाषेत आई मोकळेपणाने गोष्ट सांगते त्याच भाषेत मुलाचा शब्दसाठा वाढतो. म्हणून शब्द नसलेली चित्रांची पुस्तकं लायब्ररीतून आणा, चित्रांवरून गोष्ट आईने वर्गात इंग्रजीत सांगायची, घरी मराठीत, स्पॅनिशमध्ये, पश्तोमध्ये. जमलं तर शेवटची वीस मिनिटं मुलांना वर्गात आणून आईबरोबर बसवा. अमेरिकेतल्या फॅमिली लिटरसी कार्यक्रमांत पालकांचं शिक्षण, मुलांचं शिक्षण, पालकत्व आणि दोघांनी एकत्र शिकायचा वेळ असे चार भाग धरतात, त्यातला हा चौथा भाग बहुतेक ठिकाणी गाळला जातो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात कामाचा. मराठी आयांना बृहन्महाराष्ट्र मंडळाशी, म्हणजे इथल्या मराठी मंडळांच्या संघटनेशी, जोडलेल्या मराठी शाळांचाही पत्ता द्या.

मूल उशिरा बोलतंय, नजर देत नाही, अशी शंका पालक वर्ग संपल्यावर दारात थांबून सांगतात. निदान करू नका. ३ वर्षांच्या आतल्या मुलासाठी राज्याचं अर्ली इंटरव्हेन्शन, म्हणजे लवकर तपासणी आणि मदतीचा कार्यक्रम, असतो, तिथे आईबाप स्वतः फोन करू शकतात, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. मूल ३ वर्षांचं झाल्यावर शाळेच्या डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळांच्या कार्यालयाला, लेखी पत्र द्यायचं: "आय अ‍ॅम रिक्वेस्टिंग अ‍ॅन इव्हॅल्युएशन फॉर स्पेशल एज्युकेशन." तारीख घालायची, कॉपी ठेवायची. १९७५ पासूनच्या विशेष शिक्षणाच्या कायद्याने हा हक्क आहे, आणि आईबापाने तपासणीला संमती दिल्यावर ६० दिवसांत किंवा राज्याने ठरवलेल्या मुदतीत ती व्हावी लागते. हे पत्र एकदा सगळ्या वर्गाकडून लिहून घ्या, ज्यांना गरज नाही त्यांच्याकडूनही, म्हणजे ज्या आईला गरज आहे ती वेगळी पडत नाही.

व्यवस्थेचं थोडक्यात. मुलं सांभाळायची सोय नसेल तर पालकांचा वर्ग चालत नाही, चहाबिस्किटं नसली तरी चालतील पण एका कोपऱ्यात कुणीतरी मुलं बघणारं हवं. वेळ सकाळी शाळेत सोडल्यानंतरची. लेव्हल वेगळ्या असतील तर एकच कागद द्या आणि काम वेगळं द्या, नवखीने तारीख शोधायची, पुढे गेलेलीने उत्तराची ईमेल लिहायची.

आणि प्रगती परीक्षेवर मोजू नका. दर आठवड्याला सुरुवातीची दहा मिनिटं ठेवा, कुणी कुठे फोन केला, काय बोललं, समोरचा काय म्हणाला. ज्या बाईचा फोन होल्डवर गेला आणि तिथेच अडला, तोच त्या दिवशीचा धडा, आणि रोल-प्लेमध्ये पहिला नंबर तिला द्या.